गोठा, पाळणा आणि शाळा : चौसाळा परिसरातील बालसंगोपन व पाळीव जनावरे

प्रस्तावना

मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासावर गेल्या काही दशकांत विपुल लेखन झाले आहे. हैदराबाद मुक्तिसंग्राम, दुष्काळ, जातिव्यवस्था, सहकार आणि स्थलांतर या विषयांची अभ्यासकांनी सविस्तर दखल घेतली. या साऱ्या घडामोडी घडत असताना लहान मुले कशी वाढत होती, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. ज्या जनावरांच्या संगतीत ही मुले वाढली, त्यांचा विचार तर कृषी-अर्थशास्त्राच्या पलीकडे क्वचितच गेला. शासकीय दप्तरातही हीच विभागणी दिसते. भारतात पशुगणना १९१९-२० पासून साधारणतः दर पाच वर्षांनी होत आली आणि जनगणना दर दहा वर्षांनी. एका तक्त्यात बैल, दुसऱ्या तक्त्यात मूल. दोघे एकाच घरात राहतात ही बाब मात्र कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, मांजरसुंब्याच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या पठारावर वसलेले चौसाळा हे बीड तालुक्यातील गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. हलकी ते मध्यम जमीन, पर्जन्यछायेतील बेभरवशाचा पाऊस, ज्वारी-बाजरी-तुरीची शेती आणि तिला जोडून असलेली गुरे-शेळ्यांची जोपासना, ही या पठाराची जुनी घडी. शहरी मध्यमवर्गाच्या बोलण्यात 'पाळीव प्राणी' म्हटले की कुत्रा, मांजर, फार तर पिंजऱ्यातील पोपट असा अर्थ होतो. या परिसरात तो अर्थ अलीकडचा आहे. येथे पाळीव म्हणजे दावणीचा बैल, दुभती म्हैस, परड्यातील शेळी, खुराड्यातील कोंबडी आणि कोणत्याही एका घराचा नसलेला, परंतु सर्वांच्या दारची भाकरी खाणारा कुत्रा. मुलाचे आणि जनावराचे नाते कौतुकाचे होते, त्याचबरोबर ते कामाचे, भुकेचे आणि शाळेच्या हजेरीचेही होते.

भाषा, कहाणी आणि सण

या नात्याचे सर्वांत जुने दप्तर म्हणजे मराठी भाषा. 'पाळणा', 'पालक' आणि 'पाळीव' हे तिन्ही शब्द एकाच धातूतून आले आहेत. आई-बापाच्या मायेला आपण 'वात्सल्य' म्हणतो. त्या शब्दाच्या मुळाशी 'वत्स' म्हणजे वासरू आहे. गाईने वासराला चाटणे हे मातृप्रेमाचे मूळ चित्र ठरले आणि माणसाच्या आईला त्याची उपमा दिली गेली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. गाय-बैलाचे वासरू, म्हशीचे पारडू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू आणि माणसाचे लेकरू, अशी पिलांची वेगवेगळी नावे मराठवाड्यातील मूल अक्षरओळखीच्या कितीतरी आधी शिकते.

आश्विन वद्य द्वादशीच्या वसुबारसेची कहाणी या संदर्भात महत्त्वाची आहे. शेतावर निघालेली सासू सुनेला गव्हाळे-मुगाळे शिजवून ठेवायला सांगते. तिच्या मनात धान्य असते. पण गोठ्यातील दोन वासरांची नावेही तीच असतात आणि नवखी सून वासरेच शिजवते. हा प्रकार कळल्यावर हादरलेली सासू देवापुढे बसून राहते आणि संध्याकाळी गाई हंबरत परततात तेव्हा वासरे जिवंत होऊन उड्या मारीत येतात. या कहाणीकडे केवळ गोपूजेची कथा म्हणून पाहिले तर तिचा गाभा निसटतो. गोठ्यातील पिलांना घरातल्या मुलांसारखी नावे होती, त्यामुळेच हा घोटाळा संभवला. आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या आईला काय सांगायचे, ही सासूची धास्ती कोणत्याही बाईला समजणारी आहे. या दिवशी स्त्रिया मुलाबाळांच्या आरोग्यासाठी सवत्स धेनूची पूजा करतात, दूध आणि गहू वर्ज्य करून बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी खातात. एक दिवस तरी गाईचे दूध वासरासाठी राहते.

श्रावण अमावास्येचा योग याहून बोलका आहे. मराठवाड्यात हा पोळ्याचा दिवस. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी होते, दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवून, झूल घालून मिरवणूक निघते आणि पुरणपोळीचा घास आधी बैलाच्या तोंडी जातो. तीच अमावास्या पिठोरी म्हणून मातांच्या व्रताची असते. आई वाण मागे धरून 'अतिथ कोण?' असे विचारते आणि मूल आपले नाव सांगून ते घेते. घरातील बैल आणि मुले यांच्या आयुष्याची चिंता पंचांगाने एकाच तिथीवर बसविली, हा योगायोग मानावा असे वाटत नाही. खरिपाची पेरणी संपून पीक उभे असताना घराचे भवितव्य याच दोघांवर अवलंबून असे.

या सहवासाची प्राचीनता पुरातत्त्वानेही दाखविली आहे. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत (सुमारे इ. स. पू. १६०० ते ७००) मृत बालकांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरले जाई. त्याच वसाहतीत एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत जपून ठेवलेली स्त्रीमूर्ती आणि तिच्या सोबतचा बैल सापडला. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये मिळालेल्या ब्राँझच्या वस्तूंत दोन बैलांचा रथ आहे आणि त्याच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. रथ आणि बैल धर्मविधीचे मानले तरी तो कुत्रा तेथे कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर विधीत सापडत नाही. ज्या कारागिराने तो घडविला, त्याच्या गाडीपुढे कुत्रा धावत असावा इतकाच तर्क करता येतो.

गुराखी मूल

माळवदाच्या जुन्या घरांत माणसे आणि जनावरे यांच्यामध्ये अंतर थोडे असे. वाड्याच्या दरवाजातून आत आले की एका अंगाला गोठा आणि समोर ओसरी. रात्री म्हशीचा उसासा आणि बाळाचे रडणे एकाच अंधारात ऐकू येई. रांगणारे मूल शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाढे. चार-पाच वर्षांचे झाले की कोंबड्या डालणे, करडाला पाला टाकणे ही कामे खेळता खेळता अंगवळणी पडत. सात-आठव्या वर्षी शेळ्या आणि पुढे गुरे राखणे आले. जनावराच्या डोळ्यांवरून आजार ओळखणे, गाभण म्हैस कधी विणार याचा अंदाज घेणे, लाथ कोणती गाय मारते हे ध्यानात ठेवणे, हे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमाविना होत असे. प्रजनन आणि मृत्यू या दोन्ही गोष्टी ग्रामीण मुलाला प्रथम गोठ्यातच कळत.

तथापि या चित्राने भारावून जाण्याचे कारण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात शेतकरी व अन्य गरीब वर्गांची मुले शाळेपासून दूर का राहतात याची कारणे दिली आहेत. गुरे राखणे आणि शेताची राखण करणे यांसाठी आई-बापांना मुलांची गरज भासते, हे त्यांतील एक ठळक कारण होय. फुल्यांनी त्यावर पालकांना दोष दिला नाही. दारिद्र्य लक्षात घेऊन शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत आणि बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. गुराखी मुलाचा प्रश्न मराठी मुलखातून शिक्षणधोरणाच्या चर्चेत आणणाऱ्या आरंभीच्या लेखनात या निवेदनाची गणना करावी लागेल. बडोदे संस्थानात १९०६ पासून आणि कोल्हापुरात १९१७ नंतर सक्तीच्या शिक्षणाचे प्रयोग झाले. चौसाळा ज्या निजामी मुलखात होते तेथे प्राथमिकच्या पुढील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. गोठ्याची भाषा एक आणि वरच्या वर्गाची दुसरी, अशा स्थितीत मुलाने गुरांमागे जाणे पसंत केले असेल तर त्यात नवल नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. शाळा वाढल्या, पण गुरे राखणारे हात लगेच मोकळे झाले नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीतील मेंढपाळांच्या वस्तीवर शाळा चालवू पाहणारा तरुण शिक्षक माणदेशातला आहे. त्याची अडचण बालाघाटावरील शिक्षकालाही अपरिचित नव्हती.

येथे आणखी एक भेद करणे आवश्यक आहे. ज्याच्या घरी बैलजोडी होती त्याचे मूल आपल्या जनावराबरोबर वाढले. भूमिहीनाचे मूल दुसऱ्याच्या जनावराबरोबर वाढले. ते पोटाला भाकरी आणि वर्षाकाठी कपडे यांवर चाकरीला राही. दलित कुटुंबांवर तर मेलेली जनावरे ओढण्याची सक्ती होती आणि त्या घरांतील मुलांची जनावरांशी होणारी ओळख अनेकदा या कामातून होई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या वेळी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, त्याचा एक परिणाम पुढच्या पिढीच्या बालपणावर झाला, हे सहसा नोंदविले जात नाही. 'गावाकडचे निरागस बालपण' ही कल्पना जनावराच्या मालकीचा प्रश्न बाजूला ठेवूनच रंगविता येते.

शेळी या बाबतीत अपवादासारखी आहे. गरिबाघरी परवडणारे, भूमिहीनालाही अर्धलीने सांभाळता येणारे हे जनावर. शेजारच्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी काळी उस्मानाबादी शेळी कमी चाऱ्यावर तगते आणि बऱ्याचदा जुळी करडे देते. करडू बहुधा मुलाच्याच हवाली असे. त्याला नाव मूल ठेवी, उशाशी तेच घेई. आणि सात-आठ महिन्यांनी तेच करडू बाजारात जाई किंवा नवसाला कापले जाई. स्वतः वाढविलेले जनावर घराच्या गरजेसाठी जाते, हा अनुभव येथील मुलांना फार लवकर येतो. आई-बाप त्याची समजूत काढीत नाहीत असे नाही. पण व्यवहार थांबत नाही.

१९७२ चा दुष्काळ

चौसाळ्यासारख्या गावांत बहात्तरच्या दुष्काळाने हे नाते उसवले. चाऱ्याअभावी गुरे मातीमोल भावाने विकली गेली. दुष्काळी कामावर आई-बाप खडी फोडीत आणि मुले सुकडी व मिलो ज्वारीवर दिवस काढीत. बैल विकणे म्हणजे शेतकरीपण गमावणे होते. पुढील पावसाळ्यात पेरणीसाठी जनावर उरले नाही अशा घरांपुढे मजुरीला पर्याय राहिला नाही. पुढच्या अवर्षणांत शासनाने चारा छावण्यांचा मार्ग अवलंबिला. २०१२-१३ आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये बीड जिल्ह्यात अशा छावण्या मोठ्या संख्येने उघडाव्या लागल्या. जनावरांपाशी कुणीतरी राहावे लागे, म्हणून घरातील माणसे छावणीतच मुक्काम करीत. गावात आजी आणि शाळकरी नातवंडे, छावणीत आई-बाप आणि गुरे, असे घराचे दोन भाग होत. जनावरासाठी चारा-पाण्याची व्यवस्था झाली ती आवश्यकच होती. मुलांची व्यवस्था आजीवर सोडली गेली.

घरातून बाहेर गेलेला गोठा

मूल आणि जनावर यांची ताटातूट घराच्या बांधणीनेही घडविली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीची जड घरे कोसळली. त्यानंतर वसविलेल्या गावांतील आखीवरेखीव घरांत गुरे बांधण्याची सोय नव्हती, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. बीड जिल्ह्यात असे पुनर्वसन झाले नाही, पण शासकीय घरकुलाचा नमुना सर्वत्र पोचला. इंदिरा आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटर होते. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत ते २५ चौरस मीटर झाले. या मापात माणसेच कशीबशी मावतात. पुढे २०२०-२१ मध्ये शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतून रोजगार हमीखाली गोठ्यासाठी साहाय्य मिळू लागले. जे पूर्वी एका छपराखाली होते त्यासाठी आता दोन योजना, दोन अर्ज आणि दोन मोजमापे लागतात! दरम्यान ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले. राज्यातील गोवंशीय जनावरांची संख्या २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९ च्या गणनेत सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने त्यात भर घातली.

गोठा रिकामा होत असताना घरात उरला तो कुत्रा आणि मांजर. कुत्र्याला या भागात खंडोबा आणि दत्त यांच्यामुळे धार्मिक मान आहे, तरीही तो उंबऱ्याच्या बाहेरचा. मूल त्याला 'यू यू' करून बोलावते आणि आजी 'हाड' म्हणून हाकलते. महामार्गालगतच्या वस्तीत आता गळ्यात पट्टा असलेले, विकत आणलेले कुत्रेही दिसू लागले आहेत. 'पेट' हा शब्दही त्यांच्याबरोबर आला. पट्ट्याच्या कुत्र्याला लस मिळते, गावकुत्र्याला बहुधा नाही. आणि मूल दोघांशीही खेळते. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये रेबीजवरील लस प्रथम दिली ती एका नऊ वर्षांच्या मुलालाच. आजही संशयित श्वानदंश झालेल्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती मराठवाड्यात अजून बोलली जाते. ती जुनी लस देशात २००५ च्या सुमारास बंद झाली आणि आता दंडात मोजकी इंजेक्शने पुरतात. धास्ती मात्र टिकली आणि तिच्यापायी मूल चावा लपविते, हा धोका मोठा आहे.

याउलट जनावरांच्या सहवासाचे आरोग्याला साहाय्यही होते. गोवसूच्या लसीमुळे देवीचा रोग आटोक्यात आला. 'व्हॅक्सिन' हा शब्दच गाईच्या लॅटिन नावावरून आला आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत भारतातील पहिली लस ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. अलीकडे आल्प्स परिसरातील शेतकरी कुटुंबांत झालेल्या अभ्यासांत, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील आमिश व हटराइट समाजांच्या तुलनेत, गोठ्याच्या निकट वाढणाऱ्या मुलांत दम्याचे प्रमाण कमी आढळले. या निष्कर्षांचा आधार घेऊन चौसाळ्याच्या गोठ्याचे गुणगान करणे घाईचे ठरेल. चुलीचा धूर, अपुरे पोषण आणि दूषित पाणी असलेल्या घरात एकट्या गोठ्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

मूल आणि प्राणी यांच्या सहजीवनाचा महाराष्ट्रातील सर्वांत परिचित प्रयोग गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे झाला. १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांची मुले बिबट्या-अस्वलांच्या अनाथ पिलांसोबत वाढली. विलास मनोहर यांच्या 'नेगल'मुळे ती हकीकत घराघरांत पोचली. तेथील प्राण्यांकडून कोणत्याही कामाची अपेक्षा नव्हती. चौसाळ्यातील बैल घर चालवितो आणि म्हणूनच तो मुलाचे दिवसही ठरवितो.

फडावरचे सहा महिने

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते ऊसतोडीत. बालाघाटावरील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि चैत्राच्या आसपास परततात. प्रवरा खोऱ्यात सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० च्या आसपास घातला गेला. दायमाबादचा रथ ज्या नदीकाठी सापडला, तिच्याच खोऱ्यात बीडच्या बैलगाड्या पुढे ऊस वाहू लागल्या. गाडीवर संसार, संसारावर मूल, मागे बांधलेली शेळी, डालग्यात कोंबड्या आणि चाकांलगत चालणारा कुत्रा, असे हे स्थलांतर असते. घरकुलाने वेगळे केलेले माणूस आणि जनावर तेथे कोपीच्या आडोशाला पुन्हा एकत्र येतात.

करारात मोजला जातो तो 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गाडी असेल तर बैलजोडीचाही हिशेब होतो. एक दिवस काम बुडाले तर खाडा धरला जातो. मुलाची मोजणी मात्र कोठेच होत नाही. तरीही कामाची पूर्ण साखळी त्याच्यावर उभी असते. पहाटे आई-बाप फडात उतरले की बैलांपुढे वाढे टाकणे, त्यांना पाणी दाखविणे, झोळीतील धाकट्या भावंडाला झोका देणे आणि कोपीची राखण ही कामे आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे, बहुधा मुलीकडे, येतात. बैलासाठी फडावर चारा मिळतो, कारण वाढे उसाबरोबरच तयार होतात. मुलासाठी शाळा उसाबरोबर तयार होत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा ऊसतोडीचा हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र बरोबर एकावर एक येतात. यावर साखरशाळा, त्यानंतर गावातील हंगामी वसतिगृहे, असे उपाय झाले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली.

वसतिगृहाचा उपयोग नाकारता येणार नाही. ज्या मुलांना त्यामुळे वार्षिक परीक्षा देता आली त्यांच्यासाठी तो मोठाच आहे. परंतु मूल वसतिगृहात राहिले की फडावर बैलांपाशी कोण थांबणार, हा प्रश्न कुटुंबापुढे तसाच असतो. त्याचे उत्तर म्हणून एखादी मोठी मुलगी शाळा सोडून सोबत नेली जाते, किंवा बैलगाडी विकून कुटुंब ट्रॅक्टरच्या टोळीत जाते. सहा वर्षांखालील मुले कोणत्याच वसतिगृहात बसत नाहीत. ती आजही गाडीतूनच जातात; थंडीच्या रात्री कोपीत एका गोधडीखाली मूल, करडू आणि कुत्र्याचे पिलू झोपते, आणि पहाटे तीनच्या सुमारास बैल जुंपले की मूल उठते.